फुगलेले डबे

ती दारात उभी होती. कंप्युटरचा हिरवा बोर्ड दोन्ही हातांवर, पूजेचं ताट धरावं तसा. पायांत चपला नव्हत्या. समोरच्या दारातून माझ्या दारात यायला चपला कशाला, पण नोव्हेंबरातली इथली, अमेरिकेतल्या श्रूजबरीची, फरशी बर्फासारखी असते, आणि तिला ते जाणवत नव्हतं.

"मावशी, हे डबे कधीपासून फुगले असतील हो?"

बोर्डाच्या एका कडेला करंगळीच्या पेराएवढे गोल डबे ओळीने उभे होते. बोर्डाला जाणारी वीज तेच सांभाळतात, हे तिनेच मला पूर्वी सांगितलेलं. त्यांतल्या पाचांची डोकी वर आली होती. एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकट पाणी येऊन वाळलं होतं.

कधीपासून, ते मला माहीत होतं. राखीच्या आठवड्यापासून.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली आणि बोर्ड तसाच धरून परत गेली. त्याच सकाळी तिला कॉलेजातून नकार आला होता.

तिचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या मुलाच्या घरासमोर राहणारी नागपूरची मुलगी, वय तिशीच्या आत, इंजिनियर. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईने इथे पगार घ्यायचा नाही असा कायदा. अशा पुष्कळजणी तुम्हीही पाहिल्या असतील. कुणी केक शिकते, कुणी दुपारभर फोनवर आईशी बोलते. ही कंप्युटर बांधायची.

बांधायची म्हणजे सुटे भाग मागवून जोडायची. कंपनी प्रोसेसरवर एक वेग लिहून देते, हिला त्याच्या वर पळवायचा असे. निम्म्या किमतीच्या प्रोसेसरकडून महागाचं काम. त्यासाठी बोर्ड असा लागतो की जास्तीची वीज पुरवताना डगमगणार नाही. तसा बोर्ड महाग, आणि नवऱ्याने हात आखडलेला. म्हणून दोन हजार तीनच्या पानगळीत ही बाई पाच आठवडे स्वस्तातला बोर्ड शोधत होती. एवढ्या वेळात आमच्याकडे लग्न ठरून पार पडतं.

"चांगला बोर्ड कोणीही घेतं, मावशी. पैसे टाकले की झालं. स्वस्तातला चांगला ओळखायचा, त्याला डोकं लागते."

"कसा ओळखायचा?"

"कंपनीनं पैसे कुठं वाचवले ते शोधायचं. महागातला आणि हा, मुख्य चिप दोघांत सेम. मग हा निम्म्यात काहून देतात? कुठंतरी काटकसर केली असंल न."

मी म्हटलं, "स्वस्त पापलेट दिसलं की मी आधी कल्ला उघडून बघते."

"तेच! मी पण कल्लाच उघडून पाहून राहिली."

तिला सापडलं. खोका साधा, आवाजाची सोय हलकी, मागच्या बाजूला वायरी जोडायच्या जागा कमी. "यातलं मला काहीच लागत नाही. जमलं!" वीज सांभाळणाऱ्या त्या डब्यांवर कुठल्याशा न ऐकलेल्या कंपनीचं नाव होतं. तेही तिने वाचलं होतं. चालेल म्हणाली.

बोर्ड आला त्या दिवशी तिने मला हात धुवायला लावले आणि मग दाखवला. प्रोसेसरवर राखाडी मलम लावायचं असतं. ते तिने भारतात फोन करायच्या संपलेल्या कार्डाच्या कडेने पसरलं, इतकं पातळ की खालचं दिसावं. कपाळाला कुंकू लावताना तिचा हात थरथरलेला मी पाहिला आहे. मलम लावताना नाही.

मग वेगाचा आकडा चढवायचा. एकशेसहासष्टवर चालणारी गोष्ट दोनशेवर न्यायची. एकदम नाही, पाच-पाचने. प्रत्येक पायरीवर मशीनला अवघड गणितं घालून चोवीस तास राबवायची. चूक झाली नाही तर पुढची पायरी. दोनशेपाचला मशीन गोठलं. तिने निमूट दोनशेवर आणलं.

थंडी पडल्यावर तिने मशीन खिडकीशी गालिच्यावर आडवं ठेवलं, त्याची एक बाजू काढून टाकली आणि खिडकी चार बोटं उघडली. स्वतः कानटोपी घालून बसली. गार वाऱ्यात आकडा दोनशेदहावर गेला.

नवरा मला जिन्यात म्हणाला, "मावशी, पाहिलंत? आमच्या बाईसाहेब खिडकी उघडी टाकून सगळं मॅसॅच्युसेट्स गरम करतात. बिल माझं, यार."

ती आतून ओरडली, "थंडी फुकट आहे न! बाहेर वाया चालली होती."

तो हसला. तेव्हा दोघं हसायची.

मशीन खेळायला नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं. वूस्टरच्या एका कॉलेजात एक प्राध्यापक होता. रक्तवाहिनीला वळण आलं की तिथे रक्त कसं वाहतं, याचं तो गणित करायचा. ही त्याच्याकडे बुधवारी जायची, पाहुणी म्हणून, बिनपगारी. कॉलेजची मशीनं त्याच्या विद्यार्थ्यांना पुरत नव्हती. ही म्हणाली, मी घरी करते. त्याने शब्द दिला, वर्षभराचं काम नीट झालं तर प्रवेश देतो, पगारासकट. प्रवेश मिळाला की व्हिसा तिचा स्वतःचा, पैसा स्वतःचा. दोन हजार पाचच्या जानेवारीपासून ते मशीन अखंड चालू होतं. तिची सगळी आशा गालिच्यावर आडवी पडलेली होती.

एकच गोष्ट तिने सोडली, ती चोवीस तासांची परीक्षा. परीक्षा घ्यायची तर काम थांबवावं लागायचं. मी विचारलं तर म्हणायची, "चालून राहिलं न, मावशी. चालत्याला हात लावायचा नाही."

आता माझं सांगते. मी चौथी शिकले. नवरा गेल्यावर रत्नागिरीत आमरस डब्यात भरायच्या कारखान्यात अकरा हंगाम काढले. माझं काम डबे ठोकायचं. भरलेले डबे काही दिवस ठेवून देत, मग आम्ही दोघी बायका लाकडी दांडी घेऊन एकेक ठोकत जायचो. चांगल्या डब्याचा आवाज वेगळा, बिघडलेल्याचा वेगळा. आणि फुगलेला तर ठोकायचाही नाही. डोकं वर आलं की आत बिघडलंय, काढ बाहेर. एक सुटला तर सगळा खोका परत येतो. हे मी तिला अनेकदा सांगितलं होतं आणि ती कौतुकाने ऐकायची. "म्हणजे तुम्ही टेस्टिंगला होता न मावशी!" म्हणायची. मला ते आवडायचं.

त्या जुलैत एकीचं डोहाळजेवण होतं. वीस बायका, गाणी, हिरव्या साड्या. ही कोपऱ्यात बसून घड्याळाकडे बघत होती. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझं कधी गं? का त्या मशीनलाच पाळण्यात घालणारेस?"

बायका हसल्या. तिचा चेहरा पांढरा पडला. आत काय होतं ते तिचं तिला ठाऊक. मग ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला यातलं काही कळत नाही. डबे ठोकण्याइतकं सोपं नसते सगळं."

बायका पुन्हा हसल्या. पहिल्यापेक्षा जास्त.

आधी मी बोलले, हे खरं आहे. पण मी बोलले ते विसरले आणि तिचं बोललेलं ठेवलं. माणसाचं असंच असतं, आणि मी काही वेगळी नाही.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती माफी मागायला आली. "चुकलं माझं. घरी या न, पुडाची वडी करते." मी म्हटलं, अगं, मी कधीच विसरले. हे खोटं होतं.

राखीच्या आठवड्यातली दुपार. ती आत वड्या तळत होती. मी खुर्चीवर बसणारी नव्हे, गालिच्यावर बसले. समोर मशीन आडवं, एक बाजू उघडी, वर टेबलफॅन भणभणत होता. उभं राहून बघणाऱ्याला प्रोसेसरवरच्या मोठ्या पंख्याआड ते डबे दिसत नसत. जमिनीवर बसलेल्याला दिसायचे. मला दिसले. तीन डब्यांची डोकी वर आली होती. किंचित. पण अकरा हंगाम ज्या डोळ्यांनी तेच पाहिलं, त्यांना किंचित पुरतं.

माझ्या तोंडात तिच्या हातची वडी होती. कोथिंबीर, खसखस, खोबरं. उत्तम झाली होती.

बोलायला मी तोंड उघडलं. आणि मला त्या बायकांचं हसू ऐकू आलं. मी वडी चावली, गिळली.

"मशीन बरं आहे ना गं?" मी विचारलं.

"चालून राहिलं न!" ती आतून म्हणाली. "मावशी, अजून एक घ्या."

मी घेतली. विचारलं ना आपण, झालं, असं मनाशी म्हटलं. डबे ठोकणारीला काय कळतंय.

तेव्हा सांगितलं असतं तर एक स्वस्तातला बोर्ड कचऱ्यात गेला असता, चार दिवसांचं काम वाया गेलं असतं. तिने दुसरा शोधला असता. बस, इतकंच होतं ते.

मशीन बंद पडलं असतं तरी बरं होतं. ते बंद पडलं नाही. चालत राहिलं आणि अधूनमधून चुकत राहिलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. आकडे दिसायला शहाण्यासारखे. ती दर बुधवारी ते नेऊन देत होती आणि प्राध्यापक त्यांच्यावर पुढचं रचत होता. शेवटी त्याच्या एका विद्यार्थ्याने सहज म्हणून त्यातलं एक गणित कॉलेजच्या मशीनवर घातलं. उत्तर जुळलं नाही. दुसरं घातलं, तेही नाही.

तिला वाटलं, चूक त्यांची. घरी येऊन तिने तेच गणित आपल्या मशीनवर दोनदा केलं. दोन वेगळी उत्तरं आली. हे ती मला आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती, हात हवेत धरून. "एकाच गणिताची दोन उत्तरं, मावशी. दोन!" मग तिने चोवीस तासांची परीक्षा लावली. अर्ध्या तासात मशीन नापास झालं.

तिने प्राध्यापकाला सगळं खरं कळवलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं. तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण मी तुमची शिफारस करू शकत नाही. इथली माणसं दार लावताना आवाज करत नाहीत.

त्या दिवशी तिने मशीन खोललं आणि ती माझ्या दारात आली. पुढचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे. माझं उत्तर तिच्याच शब्दांतलं होतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं होतं, येईल.

नवरा वाईट नव्हता. पण तो म्हणाला, "पन्नास डॉलर जास्त मागितले असतेस तर दिले असते ना मी! तूच हुशारी करायला गेलीस." दिले असते की नाही, देव जाणे. त्यानंतर त्या घरातून दोघांचं बोलणं ऐकू येणं कमी झालं. वसंतात त्याची बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला झाली. तो म्हणाला, मी जाऊन घर बघतो, तू तोवर सहा महिने नागपूरला राहा. सहा महिने ही काय चीज असते, ते आपण सगळे जाणतो.

जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "इथं माझ्या बाजूनं तुम्ही एकट्याच होता, मावशी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाही सांगता आलं असतं.

नागपुराहून तिचे चार-पाच फोन आले. एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवते म्हणाली. बेलव्ह्यूचं विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. शेवटच्या फोनात पुन्हा तेच. "ते डबे कधीपासून फुगले असतील हो? मी रोज त्याच खोलीत होती. मला काहून नाही दिसले?"

"उभी असायचीस ना तू," मी म्हणाले. तिला ते समजलं नाही. मी फोडून सांगितलं नाही.

त्यानंतर फोन आला नाही. मी दोनदा केला. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा आहे.

सामान हलवताना नवऱ्याने ते मशीन माझ्या मुलाला दिलं होतं. मुलाने त्यात महागातला बोर्ड घातला. प्रोसेसर तोच, तिचाच. तीन वर्षं होत आली, पलीकडच्या खोलीत आता हे लिहिताना त्याचा पंखा मला ऐकू येतोय. दोनशेवर चालतो आणि उत्तरं बरोबर देतो. प्रोसेसरला काही झालेलं नाही. मलाही नाही.