पहिल्यावरच थांबणारा

दुपारभर एका प्रोग्रामशी डोकेफोड चालली होती. लांबलचक मजकुरातले सगळे फोन नंबर शोधायचे, एवढंच काम. नंबर कसा दिसतो, त्याचा साचाही मी लिहून दिला होता. तरी हा गृहस्थ पहिला नंबर सापडला की हात झटकून मोकळा! बाकीचे खाली ताटकळत उभे.

"अरे, पुढे बघ ना!" मी स्क्रीनवर खेकसलो.

शेजारच्या टेबलावरची सहकारी हसली. "त्याला 'सगळे शोध' असं वेगळं सांगावं लागतं."

कमाल आहे! शोध म्हटल्यावर सगळं शोधायचं, हेही सांगायचं?

चिडचिडतच घरी आलो आणि कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली. बायकोने विचारलं, "आणि बाकीचं?"

मी तिचा दुपारचा मेसेज उघडला. कोथिंबीर आण. लिंबं आण. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, त्या आठवणीने आण. पहिल्या ओळीपुढे मी वाचलंच नव्हतं.

बाबा गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात घेऊन बसले होते. "असू दे, सकाळी आण," म्हणाले.

मी पुन्हा चपला घातल्या. जिन्यात होतो, तेव्हा मागून बायकोचा आवाज आला, "सगळं आण हं!"

मलाही वेगळं सांगावं लागतं.