एस्तेर आणि वाट चुकलेला पक्षी

डॅनीचा, एस्तेरच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दुपारची जेवणं आटोपून ओटा पुसत होते. तो इस्रायलहून बोलत होता. "मावशी, आई सकाळपासून फोन उचलत नाहीये. जरा बघून येता का?" पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या इमारती समोरासमोर, एस्तेरच्या घराची एक किल्ली माझ्याकडेच असायची. आम्ही दोघींनी अख्खी नोकरी एकाच कॉलेजात केली. ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. दार उघडलं तर ती बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेली, मान एका बाजूला कललेली. मी हाक मारली, आणि मारता मारताच मला कळलं...

त्या आठवड्यात तिकडची विमानं बंद होती. डॅनीला येता आलं नाही. मृतासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा ज्यू पुरुष हजर लागतात, आणि पनवेलमधली त्यांची बहुतेक घरं केव्हाच इस्रायलला गेलेली. अलिबागला, ठाण्याला फोन झाले. दफनाला असे आठच जण जमले. त्यांतले एक म्हातारे काका बराच वेळ फाटकाकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "चला, अंधार पडायच्या आत उरकू या." कद्दीश झालीच नाही. माझ्या मोबाइलवर डॅनी सगळं बघत होता. दोन दिवसांनी त्याने तिकडे ती म्हटली. "मावशी, इथे दहा माणसं गल्लीतच मिळाली," एवढं सांगितलं आणि रडायला लागला.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे छोटे गाणारे पक्षी नव्या वाटा कशा धरतात, हे एस्तेरचं आयुष्यभराचं वेड. वनखात्याची परवानगी काढून ती खाडीकाठच्या पाणकणसांच्या उंच गवतात सकाळी सकाळी बारीक जाळी लावायची. सापडलेल्या पक्ष्याच्या पायात नंबराचं कडं घालायची आणि त्याला सोडून द्यायची. निवृत्तीनंतर मीही जाऊ लागले, चहाचा थर्मास सांभाळायला. एका हिवाळ्यात जाळ्यात एक वटवट्या सापडला. चिमणीहून लहान, मातकट, डोळ्यावर काळी भुवई. एस्तेर त्याला मुठीत धरून बघतच राहिली.

"सुनंदा, अगं, हा इथला नाहीच. हे सायबेरियाच्या पूर्व टोकाकडून ब्रह्मदेशात, थायलंडात जातात."

"म्हणजे चुकला?"

"चुकला. यंदाचंच पिल्लू आहे."

मग बांधावर बसून तिने मला समजावलं. ही पिल्लं पहिला प्रवास आईबापांशिवाय, एकटी करतात. कुठल्या दिशेने किती उडायचं हे रक्तातच घेऊन जन्मतात. एखाद्याची दिशा मुळातच जराशी वाकडी असते. असे बहुतेक वाटेतच मरतात. पण क्वचित एखाद्याला त्या वाकड्या दिशेच्या टोकाला अन्न मिळतं, आसरा मिळतो. तो जगतो, परत जातो, जोडी जमवतो, आणि त्याच्या काही पिल्लांत तीच दिशा उतरते. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की नवी वाट तयार होते. "पहिल्याला मात्र सगळे चुकलेलाच म्हणतात," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात तोच पक्षी पुन्हा जाळ्यात आला. पायात तिनेच घातलेलं कडं! कड्यावरचा नंबर तिने दोनदा वाचला. एवढ्या लांब जाऊन तो नेमका या चिखलात परत आला होता. त्या वर्षी डॅनी तिला कायमचं तिकडे बोलावत होता. "तुझं कोण उरलंय तिथे?" असं विचारायचा. तिने सांगितलं, "अजून एक हिवाळा होऊ दे."

पावसाळा सरल्यावर आम्ही गेलो, तर पाणकणीस नव्हतं. खाडीपर्यंत लाल मुरुमाचा भराव, त्यावर डंपरच्या चाकांचे चर. जनार्दन पाटील रस्त्याकडेला उभे होते. त्यांच्या घरची मिठागरं तिथेच होती. एस्तेरला बघून म्हणाले, "मॅडम, हितं आता काय नाय. आमी पन नाय." न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरची धूळ आम्हा तिघांच्याही अंगावर बसत राहिली.

त्या हिवाळ्यात ती तरीही जात राहिली. गळ्यात दुर्बीण अडकवून भरावाच्या कडेला उभी राहायची. एकदा परतताना रिक्षात म्हणाली, "तो आला असेल गं. त्याला दुसरी जागा ठाऊकच नाही."

"सापडेल की आसपास," मी म्हटलं. तिने दुर्बीण पिशवीत ठेवून दिली. तो कुठे गेला, गेला की संपला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढे तिचं जाणं थांबलं. डॅनीकडेही गेली नाही. मी कारण विचारलं की विषय बदलायची.

आता फ्लॅट विकला गेलाय. गेल्या आठवड्यात डॅनीने एक काम सांगितलं: दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे आत प्रार्थना असलेली ती लहानशी पितळी डबी, तेवढी काढून ठेवा. येता-जाता एस्तेर तिला बोटं टेकवून ओठांना लावायची. हातात भाजीची पिशवी असली तरी, पाऊस असला तरी. स्क्रू गंजले होते, निघेनात. शेवटी डबी निघाली तेव्हा खालचा रंग नवाकोरा, फिकट निळा दिसला. आजूबाजूची चौकट मात्र तिच्या बोटांनी काळवंडलेली. मी डबी पर्समध्ये टाकली, दार ओढून घेतलं, आणि माझा हात आपोआप चौकटीवरच्या त्या काळपट जागेवर गेला.