नुसती मशेरी लावली

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता. आमटीचा घास घेतला की आग व्हायची. दातांच्या कॉलेजात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "मावशी, आज हा कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. तंबाखूची मशेरी लावता दातांना?"

"सोडली," मी म्हटलं. सोडली नव्हती.

त्यांनी रक्तातली जीवनसत्त्वं तपासायला सांगितली. तपासणी बाहेर करायची, पैसे पडणार. दिघ्यात आमच्या गल्लीतल्या बायकांचा बचत गट आहे, तिथून दोन हजार उचलले. कारण विचारल्यावर मुलीची पुस्तकं सांगितली. तोंडाचं नाव काढवेना.

लॅबमध्ये रिकाम्या पोटी बोलावलं होतं. मी चहाला हातही लावला नाही. मशेरी मात्र रोजच्यासारखी लावली. आमच्याकडे चतुर्थीलासुद्धा मशेरीनं उपास मोडत नाही. आई लावायची, आजी लावायची. ते खाणं, असं कधी कुणी धरलंच नाही.

रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा बाईंच्या मागे चार-पाच शिकाऊ मुली उभ्या होत्या. बाईंनी विचारलं, "रक्त दिलं तेव्हा पोटात काही नव्हतं ना?"

"काही नाही हो, चहासुद्धा नाही. नुसती मशेरी लावली होती."

एक मुलगी फिसकन हसली. मग मला कळलं मी काय बोलले ते. जमीन दुभंगावी असं झालं. मी पदर तोंडावर घेतला.

बाई हसल्या नाहीत. "बी-बारा खूप कमी आहे. लोहही. गोळ्या देते, पण गोळ्यांनी मशेरीचं नुकसान भरून निघत नाही. चट्ट्याला खतपाणी तीच घालते. सोडली असं मला सांगून काय उपयोग, मावशी? तोंड तुमचं आहे."

त्या दिवशी घरी येऊन डबी मोरीत रिकामी केली. पहिला आठवडा डोकं ठणकत होतं, घरच्यांवर विनाकारण ओरडले. दोनदा शेजारणीकडून चिमूटभर मागून लावली, तेही खरं. तिसऱ्यांदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले.

आता आग कमी आहे. चट्टा आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते.

गटात हप्ता द्यायला गेले की अध्यक्षीणबाई टोमणा मारायच्या, "काय गं, पोरगी कलेक्टर होतेय का? अजून पुस्तकंच फिटेनात!" सगळ्या हसायच्या, मीही हसायचे आणि घरी येऊन जेवण जायचं नाही.

गेल्या मीटिंगला मी मान खाली घालून सांगून टाकलं. "पुस्तकांना नव्हते घेतले. माझ्या तोंडाच्या तपासणीला घेतले होते. मशेरीनं झालं."

कुणी हसलं नाही. मागची एक जण हळूच म्हणाली, "मला पण तिखट झोंबतं गं गालात आत." मी तिला कॉलेजची खोली सांगितली. मग शेवटचे दोनशे अध्यक्षीणबाईंच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले आणि माझ्या नावापुढे 'पूर्ण फेड' लिहिलं.