मिस अर्लीनची टाच

मिस अर्लीन मेब्री घरी शांत बसल्यात, असं आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. डेट्रॉइटच्या पूर्व भागात त्यांनी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. तेवढंच काय ते त्यांचं एका जागी बसणं.

त्याआधी त्या सोल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चच्या गाण्यातून निघालेलं संगीत, गायच्या. चार रेकॉर्ड कंपन्यांसाठी गायल्या, पण एकीतही वर्षभर टिकल्या नाहीत.

पहिली रेकॉर्ड १९६३ची, न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत केलेली. चर्चमध्ये गाताना टाच आपटायची सवय होती, ती तिथंही आली. गाण्याखाली सारखं धप, धप ऐकू येतं. दुसऱ्या कंपनीनं पायाखाली सतरंजी अंथरली. तिसरीनं बूटच काढायला लावले आणि दुसऱ्यांच्या मागे नुसतं 'ऊ-ऊ' करायला उभं केलं. चौथ्या कंपनीत गाणं संपता संपता मालकाशी जुंपली आणि त्या पर्स उचलून निघून आल्या. पुढं ते गाणं बाजारात आलं, पण कॉनी व्हेल नावानं, वर मालकाच्या भाचीचा फोटो लावून. आवाज आपलाच आहे, असं मिस अर्लीन पन्नास वर्षं सांगत आल्या. मालक वारला, वादकही गेले. कागद तर कधी झालेच नव्हते.

मी जुन्या रेकॉर्डी साफ करून पुन्हा काढणाऱ्या कंपनीत काम करते. यंदा मिस अर्लीनची सगळी गाणी एकत्र येणार होती. चौथ्या कंपनीतलं गाणं त्यांच्या नावानं छापायचं की वगळायचं, हे मला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. एका संग्राहकाकडून ती रेकॉर्ड आणली, तीन दिवस खपून स्वच्छ केली आणि बुधवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात वाजवली. त्यांच्याकडे ती कधीच नव्हती.

त्यांनी फेऱ्या मारतच ऐकलं. मग थांबल्या.

"ही मी नाही."

त्यांचा धाकटा भाऊ थॅडियस मक्याच्या पावाला लोणी लावत होता. "काय? अगं, पन्नास वर्षं आमचे कान किटवलेस की!"

"थॅड, तोंडातला घास आधी गीळ." त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या. "आवाज माझ्यासारखा आहे, पोरी. पण ही बाई एका जागी उभी आहे. मी अशी कधी गायले? माझ्या माघारी त्यानं दुसरीकडून गाऊन घेतलं असणार. आणि मी उगाच गावभर..."

त्या पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. मला ते बघवेना.

परतताना सिग्नलला माझी बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. एका जागी उभी आहे! जुन्या रेकॉर्डीच्या तळाशी यंत्राची घरघर असते, ती कापायची हा आमच्या कामातला पहिला धडा. मी ती नेहमीच्या सफाईनं कापली होती. तिच्यासोबत आणखी काय गेलं, हे ऐकलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी मूळ रेकॉर्ड, जशी होती तशी, पुन्हा त्यांच्या स्वयंपाकघरात लावली. आधी नुसती घरघर, मग ढोल, मग आवाज. आणि आवाजाखाली, ठेक्याच्या किंचित आधी, धप. धप.

मिस अर्लीन उठल्या. सपातीतली टाच फरशीवर पडू लागली, रेकॉर्डमधल्या टाचेला बिलगून. वरचा सूर आला तसा रेकॉर्डमधला धप थांबला. त्यांचाही.

"आता का थांबली?" थॅडियसनं विचारलं.

"तो सूर टाचा टेकून लागतो का, गाढवा?" ओट्याला धरून त्या चवड्यांवर उभ्या होत्या.

गाणं संपलं. थॅडियसनं पावाची बशी बहिणीपुढं सरकवली. त्यांनी ती बाजूला केली.

"दुसऱ्या कडव्यात घाई केलीये मी. लाव पुन्हा."

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. नाव काय छापायचं आणि साफ केलेलं गाणं कधी पाठवतेस, असं साहेब विचारत होते.

"अर्लीन मेब्री," मी म्हटलं. "आणि हे गाणं साफ होणार नाही. घरघरीसकट घ्या."