अंगणात गाडी वळते का?

त्या काळी भोरमध्ये मामा नसलेला माणूस सापडणं शक्यच नव्हतं, कारण ज्याला स्वतःचा मामा नव्हता त्याला आमचे मामा होते. कचेरीतला पट्टेवाला त्यांना मामा म्हणे, पट्टेवाल्याचा नातूही मामाच म्हणे, आणि उत्रोलीहून भाताची पोती घेऊन येणारे गाडीवान त्यांच्या दुकानासमोर आले की आधी "मामा, पानी!" अशी आरोळी ठोकत आणि मग बैल सोडत. मीही मामाच म्हणायचो. आमचं रक्ताचं सोडा, पाण्याचंही नातं नव्हतं. ते नीरेचं पाणी प्यायलेले आणि मी तापीचं. वडील गेल्यावर माझी मराठी चौथीतूनच शाळा सुटली होती. काही वर्षं गावाकडच्या जिनात कापसाच्या गाठी उचलल्या. जिन बंद पडला तेव्हा एका ओळखीच्या माणसाबरोबर कामाच्या शोधात निघालो. तो माणूस भोरपर्यंत बरोबर होता, मग साताऱ्याकडे निघून गेला, आणि मी मोटारस्टँडवर वळकटी छातीशी धरून बसून राहिलो. समोरच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानातून एक गृहस्थ उठून आले. गुडघ्यापर्यंत धोतर, वर खाकी कोट आणि कोटाच्या दोन्ही खिशांत नट आवळायचे पाने. "कुठला रं तू?" त्यांनी विचारलं. "खान्देशातला." "जेवलास का?" एवढीच माझी मुलाखत झाली. त्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानात होतो आणि माझं नाव 'खानदेश' होतं. इतक्या दूर येऊन पडलेल्या माणसाला कुणी त्याच्या मुलखाच्या नावानं हाक मारावी, यात केवढा आधार असतो ते ज्याचा मुलूख सुटला त्यालाच कळेल.

मामांची पहिली खोड म्हणजे लवकर पोचणं. वेळेवर पोचणाऱ्या माणसाबद्दल त्यांना कीव वाटे. "येळंवर गेलेला मानूस उशिराच गेलेला असतो, खानदेश," असं ते म्हणत. लग्नाला जायचं तर ते आदल्या दिवशी हजर. मग मांडवाचे खांब पुरणारे लोक त्यांच्या हातात पहार देत आणि मामा आनंदानं खड्डे खणत बसत. बारशाला एकदा ते इतक्या लवकर गेले की घरात सुईण होती आणि मूल अजून यायचं होतं. एका दुकानदाराच्या दुखण्याची बातमी कानावर आली तेव्हा मामा टोपी बदलून, चेहरा लांब करून, मयतीच्याच तयारीनं त्याच्या घरी गेले. दुकानदार खाटेवर बसून पेज पीत होता. त्यानं मामांना ओळखलं, त्यांची ती टोपीही ओळखली, आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आलाय म्हणजे अजून लई येळ हाय मला." पुढे तो चांगला खडखडीत बरा झाला. त्याचं सगळं श्रेय मामा स्वतःकडे घेत.

दुसरी खोड म्हणजे ती फटफटी. धरणावरचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना ती मामांकडे ठेवून गेला होता. तिला एका अंगाला माणूस बसेल अशी चाकाची पेटी जोडलेली होती. सगळं भोर तिला पाळणा म्हणे. फटफटी सुरू झाली की गल्लीतल्या कोंबड्या छपरावर चढत आणि म्हाताऱ्या देवाचं नाव घेत. पेट्रोलचा भडका उडून आपण सगळे जाणार याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती; मी जन्माचा भित्रा. पुण्याहून आलेल्या एका मेस्त्रीनं सांगून पाहिलं, "मामा, घाटात हा पाळणा जड जाईल. काढून टाका, नुसती फटफटी वाऱ्यासारखी पळेल." मामांनी त्याला चहा पाजला, तंबाखू दिली आणि सांगितलं, "पाळना ऱ्हाईल. फटफटी न्हाई पळाली तरी चालंल." आणखी एक नियम होता: वाटेत कुठंही इंजिन बंद करायचं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "इंजिन बंद केलं की मानसं हाका मारत्यात."

या फटफटीवर मामांना एक सफर न्यायची होती. पुण्याच्या हौशी लोकांनी आपापल्या फटफट्या घेऊन यावं, मामांनी पुढं राहून वाट दाखवावी, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यापर्यंत डोंगर, नद्या आणि गड दाखवून आणावेत, असा बेत. मी आलो त्याच्या आधीपासून तो शिजत होता आणि मी आल्यावरही कितीतरी पावसाळे शिजत राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा दुकानाच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर मुलूख मांडत. मोठा नट म्हणजे नसरापूर, बारका नट म्हणजे वरवे, पसरलेली साखळी म्हणजे गुंजवणी नदी, आणि सायकलची जुनी सीट उलटी ठेवली की झाला तोरणा. मग सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा घेऊन ते या मुलखातून हळूहळू फिरवत. "हितं चढ हाय. हितं पाव्हन्यांना पानी पाजायचं. हितं करवंदं." छर्रा कुठूनही निघो, सारोळ्याच्या पुलावरून निघो की बनेश्वराच्या देवळापासून, फिरून फिरून तो साखळीच्या एका वळणावर, वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीत येऊन थांबे. तिथं ना देऊळ ना गड. "तिथं काय बघायचं, मामा?" मी विचारी. "झाड हाय एक," मामा म्हणत आणि छर्रा उचलून खिशात टाकत.

आठवड्याच्या बाजाराला त्या वाडीचं कुणी आलं की मामा पंक्चर फुकट काढून देत आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की सहज विचारल्यासारखं विचारत, "का रं, त्या कडंच्या घराच्या अंगनात गाडी वळती का?" माणूस म्हणे, "न्हाई मामा. कडब्याची गंज हाय ना मधीच." मामांचा चेहरा पडे. पुढच्या बाजारी दुसऱ्या कुणाला तोच प्रश्न, तेच उत्तर. मला वाटे, पाहुण्यांच्या फटफट्या वळायच्या म्हणून ही चौकशी.

खरी गोष्ट त्यांनी मला सांगितली ती एका दुपारी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता. त्यांनी मान वर केली नाही. त्या कडेच्या घरात त्यांची एकुलती एक धाकटी बहीण दिली होती. तिला मुलगा झाला. मुलाचं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, हा मामाचा मान. मामा नवं अंगडं-टोपडं घेऊन भोरहून पायी निघाले. आणि वाटेत गावंच गावं. प्रत्येक गावात ओळखीचं घर, प्रत्येक घरातून हाक, "आवं, गूळ-पानी तरी घ्या! दारावरनं जाताय व्हय?" आता आपल्याकडे गूळ-पाणी नाकारून कुणाच्या दारावरून जायचं म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत बोल. मामांना एकालाही नाही म्हणता आलं नाही. ते वाडीत पोचले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि बाळ दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर बसून, चकचकीत डोक्यानं, गुळाचा खडा चोखत होतं.

"दाजी म्हनले, मुहूर्त कुनासाठी थांबत न्हाई," मामा म्हणाले. "म्या म्हनलं, मंग म्याबी थांबत न्हाई. ह्या अंगनात परत पाय टाकीन तर बापाचं नाव लावनार न्हाई. चार मानसांत बोललो, खानदेश. बोलून गेलो."

"मग बहीण?"

"ती दारात हुती. तिच्या हातात पान्याचा तांब्या हुता." मामांनी ट्यूब दाबली. बुडबुडा आला. "हे बघ, हितं भोक हाय."

त्यानंतर मला त्यांचं लवकर जाणं कळलं, इंजिन बंद न करणंही कळलं. फटफटीवरच्या माणसाला हाक ऐकू येत नाही, म्हणून त्याला वाटेत कुणाचं मन मोडावं लागत नाही. पण पाळण्याचा उलगडा मला झाला नव्हता.

आणि मग एका दिवाळीनंतरच्या बाजारी वाडीचा एक धनगर शेळ्या विकायला आला. मामांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मामा, गंज हलवली बरं का. आता वळंल गाडी." मामांच्या हातातला पाना खाली पडला. त्याच आठवड्यात त्यांनी पुण्याच्या एका हौशी वकिलांना निरोप धाडला की सफर निघते आहे.

वकीलसाहेब सूर्य चांगला वर आल्यावर नसरापूरच्या फाट्यावर येणार होते. आम्ही तिथं झुंजुमुंजूलाच जाऊन, इंजिन चालू ठेवूनच बसलो. मी पाळण्यात, मांडीवर पेट्रोलचा डबा, पायाशी भाकऱ्यांचं गाठोडं आणि एक फडक्यात बांधलेलं बोचकं. ते उघडायचं नाही अशी मला ताकीद होती. वकील आले ते स्वतःच्या फटफटीवर, डोळ्यांना काळा चष्मा लावून. निघालो. गावं मागे पडू लागली. बांधावरून माणसं हात वर करून काहीतरी ओरडत, मामा मान डोलावत आणि फटफट करत पुढं जात. भाताची खाचरं कापून झाली होती, खळ्यांवर झोडपणी चालली होती. प्रत्येक वळणावर मी पाळण्याच्या कडा घट्ट धरून घरच्या देवाला नवस बोलत होतो, आणि तरीही, खरं सांगतो, वारा तोंडावर येत होता तेव्हा वाटत होतं की हा रस्ता असाच उत्तरेला जावा, घाट उतरून थेट तापीच्या काठाला लागावा. मार्गासनीच्या पुढं आभाळात तोरणा दिसला. मामांनी खिशातला पाना काढून त्याच्याकडे रोखला आणि ओरडले, "त्यो गड!" एवढ्यावरच गड संपला.

"वर कधी चढायचं?" वकील मागून ओरडले.

"चढू की! आधी एक अंगन बघू!"

वाडी आली. मामांनी वेग कमी केला. कडेच्या घरापाशी फटफटी वळली आणि तशीच अंगणात शिरली. अंगण स्वच्छ सारवलेलं, ऐसपैस, मधे काही नाही. गंज गोठ्याच्या मागे गेलेली. मामांनी एक गोल फेरा मारला आणि बरोबर दारासमोर थांबले. पाळण्याच्या तिसऱ्या चाकावर फटफटी तिपाईसारखी स्थिर उभी राहिली. मामांचे दोन्ही पाय वरच होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नुसती दुचाकी असती तर थांबताना पाय टेकावा लागला असता.

आणि मग त्यांनी, जन्मात पहिल्यांदा, वाटेत इंजिन बंद केलं.

एवढी शांतता झाली की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं. दारात एक बाई आली. हातातलं सूप तिनं तसंच खाली ठेवलं.

"दादा?"

"पाय न्हाई टाकला, बाय," मामा घाईनं म्हणाले. "बघ. दोन्ही वर हाईत. पाव्हन्यांना डोंगर दाखवाया निगालोय. झाड बघायचं हुतं."

बाईनं त्यांच्या पायांकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, पाळण्यातल्या मला पाहिलं. मग ती आत गेली, तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. तो तुकडा मामांवरून ओवाळून तिनं लांब टाकला, आणि मग खाली बसून फटफटीच्या पायरीवर ठेवलेल्या त्या पायांवर तिनं पाणी घातलं. आधी एका बाजूनं, मग पाळण्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं. मी पाय आखडून घेतले. पाणी सारवणावरून ओघळत गेलं.

"इतकी वरसं रस्ता न्हाई सापडला व्हय?" ती म्हणाली.

"गंज हुती ना मधी."

"ह्यांनी हलवली," ती ओट्याकडे बघत म्हणाली. ओट्यावर दाजी आमच्याकडे पाठ करून दोरखंड वळत बसले होते. "बाजारचं दरएक मानूस ईऊन सांगायचं, तुमचा मेव्हना अंगन इचारतोय. शेवटी बैल जुपलं आन् एकट्यानं वढली. म्हनले, येईल त्यो, वळाया जागा पायजेल."

दाजींनी मान वळवली नाही. "वाऱ्यानं कडबा उडत हुता. म्हनून हलवली," ते म्हणाले. "आन् पाव्हन्यांना उन्हात काय ठेवलंय?"

मामांनी मला खूण केली. मी बोचकं दिलं. आत ते अंगडं-टोपडं होतं, पिवळं पडलेलं, गोंडे मात्र शाबूत. "त्यो कुठंय?" मामांनी विचारलं. गोठ्यातून एक सहा फुटी गडी बाहेर आला, मिसरूड फुटलेला, हातात विळा. आईनं त्याच्या हातातला विळा काढून घेतला आणि म्हणाली, "बस मामाच्या मांडीवर."

"आये, लोकं बघत्यात."

"बघू देत. बस."

तो बसला. पेट्रोलच्या टाकीवर एक पाय, पाळण्यावर दुसरा, मामांच्या मांडीवर तो सगळा देह. आईनं त्याच्या डोक्यावर ते मूठभर टोपडं ठेवलं. तो ते एका हातानं सावरत, कानापर्यंत लाल होऊन बसून राहिला. पुण्याच्या वकीलसाहेबांनी काळा चष्मा काढून हातात घेतला.  मामांनी भाच्याच्या कमरेला दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं लहान मूल मांडीवरून घसरू नये म्हणून धरतात.

फटफटी नंतर सुरू झाली नाही. मामांनी वरूनच लाथा मारून पाहिल्या. मला वाटतं, फार जोरात नाही मारल्या. दुपारचं जेवण त्यांनी सीटवर बसूनच केलं. दाजी ओट्यावर, मामा फटफटीवर, मधे वाढणारी बहीण. शेवटी भाचा, वकील आणि मी ढकलत त्यांना अंगणाबाहेर घेऊन निघालो, आणि मामा पालखीतल्या देवासारखे बसून मागे वळून वळून बघत होते. दाजी तेव्हा ओट्यावरून उठले आणि त्यांनीही मागून एक हात लावला. त्या दिवशी तोरणा कुणी चढलं नाही. वकिलांनी तक्रारही केली नाही.

त्यानंतर मामा दर सणाला जात, दर वेळी फटफटीवर, आणि शब्दाचे पक्के, पाय कधी खाली टाकला नाही. मी मात्र पुढे कामाच्या मागे आणखी लांब निघून आलो. आता इथून भोरही दूर आणि तापीही दूर. मामा गेल्याचं उशिरा कळलं. त्यांच्यासारखं लवकर पोचणं मला कधी जमलं नाही. आमच्या घरचं अंगण मला आठवतं. मधे लिंबाचं झाड, त्याच्याखाली आईचं जातं. आमच्याकडच्या बाजारात कुणी भेटलं असतं तर मीही सहज विचारल्यासारखं विचारलं असतं. पण इथं त्या बाजूचं कुणी येत नाही. म्हणून रिकाम्या दुपारी मी जमिनीवर एक नट ठेवतो, एक साखळी पसरतो, आणि छर्रा हळूहळू फिरवत उत्तरेला नेतो.