मरायला हव्या होत्या त्या माशा

रादिंका फळमाशांची काचेची नळी टेबलावरच्या मऊ गादीवर आपटत होती. एक ठोका दिला की माशा तळाशी. मग कापूस काढायचा, त्यांना नव्या नळीत ओतायचं, पुन्हा कापूस. बेलग्रेडच्या जीवशास्त्र संस्थेत तिचं आयुष्य यातच गेलं. माशांसाठी मक्याच्या पिठाची लापशी शिजवायची आणि त्यांचं घर बदलत राहायचं.

तिच्या लाडक्या म्हणजे 'नाजूक' माशा. दारू पचवणारं एन्झाइम सगळ्याच फळमाशांच्या अंगात असतं, यांचं मात्र सुस्त. दारूत भिजवलेला बोळा नळीत ठेवला की संध्याकाळपर्यंत मरून आडव्या. डॉक्टर स्त्राहिन्याच्या संशोधनाची सगळी टिमकी त्यांच्यावरच वाजायची.

आणि हा दीडशहाणा काय करतो? गावाकडच्या प्लमचं पिंप आणून माशांच्याच खोलीत ठेवतो! रकिया, म्हणजे तिकडची फळांची दारू, गाळायच्या आधी फळं आंबवायला लागतात, आणि त्या खोलीत बारा महिने फुकटची ऊब.

"डॉक्टर, पिंपावर रानमाशा घोंगावतायत. नळ्यांत शिरतील."

"मावशी, तू कापूस नीट लाव. तुला पण एक बाटली देतो, बास?"

"बाटली घाला चुलीत. पिंप उचला."

"आत्ता हलवलं तर सगळं बिघडेल गं!"

बिघडलंच, पण दुसरं. आंबलेल्या फळांवर पोसलेल्या रानमाशा नळ्यांत शिरल्या, संसार थाटले, आणि पोरं निघाली पक्की पिणारी. दारूचा बोळा ठेवला तरी मजेत काचेवर फिरतायत.

संचालकबाई आल्या. "पिंप कोणाचं?"

"मावशीचं," स्त्राहिन्या म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही मेल्याची.

बाकीचे शिकलेले तिथंच उभे होते. सगळ्यांना बाटल्या कबूल झालेल्या. बघत बसले आपापल्या बुटांकडे.

"डॉक्टर," रादिंका म्हणाली, "माशा निदान पिऊन लोळतात. तुम्ही शुद्धीत लोळता."

त्याच दिवशी तिची नोकरी गेली. पिंप मात्र हललं नाही.

नाजूक माशांशिवाय स्त्राहिन्याचं काम ठप्प. स्पेनला लिही, हॉलंडला लिही, ज्याच्यात्याच्या हातापाया पड. कुणाकडे तसल्या माशा नव्हत्या.

संस्थेत हे फार उशिरा कळलं. स्त्राहिन्या पिंप हलवत नाही म्हटल्यावर रादिंकानं निवडक नळ्या लगेच घरी नेल्या होत्या. त्या अस्सल माशा चार बसथांबे पलीकडे, तिच्या फडताळात, लापशी खात सुखात होत्या. जगभर हात पसरणाऱ्या स्त्राहिन्यानं तिची बेल मात्र एकदाही वाजवली नव्हती.