काकूंच्या गाडीवरचा बर्फ

मी बर्फ खरवडला तो शेजारच्या काकूंच्या गाडीवरचा. आमची गाडी दोन घरं सोडून पलीकडे पांढरीशुभ्र उभी होती.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं, पण त्या दिवशी बायकोचा हॉस्पिटलमधला पहिला दिवस होता. नागपुरात चांगली डॉक्टर होती ती. माझ्या नोकरीपायी इंग्लंडात लेस्टरला आली आणि मग इथली डॉक्टरकीची परीक्षा, नापास, परत परीक्षा असं करत करत एकदाचं काम मिळालं. आठला पोचायचं होतं. "तू फक्त तुझं आवर, गाडी माझ्यावर सोड," असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तिने आजवर माझ्यावर सोडलेल्या गोष्टींचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही, म्हणून सूचनाही मिळाल्या. आधी गाडी सुरू करायची, गरम हवा काचेवर सोडायची, मग खरवडायचं. उकळतं पाणी ओतायचं नाही, काच तडकते. आणि माझं डोशाचं उलथणं न्यायचं नाही.

गाडी सुरू करायला किल्ली लागते आणि किल्ली घरात राहिली होती. म्हटलं, बर्फ बाहेर आहे, मग आत शिरायचं काम काय? अंधारात सगळ्या गाड्या एकसारख्या पांढऱ्या. रोजच्या जागी जी उभी होती तिला मी भिडलो. आदल्या संध्याकाळी ती जागा आपल्याला मिळाली नव्हती, हे आठवायला मला आणखी थोडी झोप हवी होती.

काम मात्र काय सुंदर केलं म्हणून सांगू. काचा, आरसे, दिवे. शेवटी हौसेने नंबर प्लेटही घासली, तर नंबर आमचा नव्हता.

तेवढ्यात बायको बाहेर आली. अंगात नवा कोट, हातात डबा. तिने लख्ख गाडीकडे पाहिलं, मग पलीकडच्या पांढऱ्या गाडीकडे, मग माझ्याकडे.

"किल्ली आण."

मी धावत जाऊन किल्ली आणली. केटलही आणली.

"ती खाली ठेव."

"कोमट आहे गं."

"वाफा येताहेत त्यातून."

"बरं, मग माझ्यासमोर वाटीएवढी जागा करतो. तेवढ्यातून दिसतं. निघू."

"मला आज डॉक्टर म्हणून जायचंय, पेशंट म्हणून नाही," ती म्हणाली. आवाज जरा कापला, आणि ते थंडीने नव्हतं. मी केटल खाली ठेवली.

एवढ्यात काकू पोहायला जायची पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्या इथल्याच हॉस्पिटलांत जन्मभर डॉक्टरकी करून रिटायर झालेल्या. आपल्या गाडीभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली.

"हे कोणी केलं?"

मी हात वर केला.

"छपरावरचा तसाच ठेवलास. ब्रेक मारला की सगळा पुढच्या काचेवर येईल." डिकीतून ब्रश काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी छप्पर झाडेपर्यंत त्यांनी इंजिन सुरू केलं, काचांवरची आतली वाफ घालवली आणि बायकोकडे वळल्या. "पहिला दिवस ना? बैस. हॉस्पिटलवरूनच जाते मी. माझ्या पहिल्या दिवशी मी भलत्याच वॉर्डात जाऊन उभी राहिले होते. तुझं त्यापेक्षा बरंच होईल."

सकाळपासून बायको पहिल्यांदा हसली. उजाडायला लागलं होतं. काकूंच्या गाडीच्या चारी बाजूंनी आरपार दिसत होतं, आणि मला तर वाटायला लागलं की हे सगळं मीच जुळवून आणलंय. चेहऱ्यावर तसं दिसलंही असावं.

काकूंनी माझ्याकडे पाहत बायकोला विचारलं, "याला पण घ्यायचं का गं, तुला सोडायला?"

पट्टा लावत ती म्हणाली, "नको काकू, मला वेळेवर पोचायचंय."